रस्त्याच्या बरोबरीचं जोतं

देवळीचं आमचं घर बांधायला काढलं तेव्हा माझं लग्न झालेलं होतं आणि मी हिंगणीला राहत होते. नव्वदचं दशक संपत आलं होतं. एका शनिवारी शेजाऱ्यांकडे बाबांचा फोन आला. सोमवारी खोल्यांमधला कोबा पडणार, त्याआधी येऊन स्वयंपाकघराचा पाइप कुठून काढायचा ते पाहून जा, एकदा सिमेंट पडलं की मग फोडत बसावं लागतं, असं त्यांनी एका दमात सांगितलं आणि फोन ठेवला. फोनवर बाबा नेहमीच असे बोलायचे, मागं कोणी घड्याळ धरून उभं असल्यासारखे.

रविवारी मी पोचले तेव्हा प्लॉटवर चार-पाच माणसं उभीच होती. घर पाहावं बांधून म्हणतात, पण आमच्याकडे दुसऱ्याचं बांधकाम पाहणारेच जास्त. रस्त्यानं जाणारा माणूस सायकल थांबवतो, भरलेल्या मुरमावर टाच आपटून बघतो, मान हलवतो आणि न विचारता मत देऊन जातो. त्या दिवशी सगळ्यांचं मत एकच होतं. जोतं फार खाली आहे.

जोतं म्हणजे जमिनीपासून वर उचललेला घराचा भाग, ज्याच्यावर फरशी येते. आमच्या भागात माणूस घर सांगताना खोल्या किती हे नंतर सांगतो, जोतं किती उंच ते आधी सांगतो. काळ्या जमिनीत पाणी मुरत नाही, रस्त्यानं वाहत येतं, म्हणून ज्याला त्याला उंच जोतं हवं असतं. आणि बाबांचं जोतं रस्त्यापासून जेमतेम दोन बोटं वर. मिस्त्रीनं दोनदा सांगून पाहिलं होतं. बाबांनी त्याला विचारलं, उंच जोत्यानं माणूस उंच होते का? बाबांचं किराण्याचं दुकान होतं आणि चिक्कू म्हणून त्यांची ख्याती जुनीच होती, त्यामुळे विटा वाचवल्या असाव्यात असं लोक धरून चालले. बाबांनीही ते तसंच चालू दिलं.

खरं कारण मला माहीत होतं, आईला माहीत होतं. माझ्या धाकट्या भावाला लहानपणी पोलिओ झाला होता. डावा पाय बारीक राहिला. पायरी किंवा उंबरठा आला की तो डावा हात गुडघ्यावर दाबून पाय वर टाकायचा. आम्ही राहत होतो त्या भाड्याच्या घराला उंच दगडी पायऱ्या होत्या आणि तिथून तो किती वेळा पडला याचा हिशेब कोणी ठेवला नव्हता. एकदा पुढचा दात गेला. पण आमच्या घरात त्या पायाचं नाव निघत नसे. आई ‘त्याचं ते’ म्हणायची, बाबा तेवढंही म्हणत नसत.

भाऊ तेव्हा विशीत होता आणि दुकान जवळपास तोच सांभाळायचा. बांधकामावर ऊन आहे, धूळ आहे, तू कशाला येतोस, असं करून बाबांनी त्याला तोवर लांब ठेवलं होतं. त्या दिवशी मी आले आहे म्हटल्यावर दुपारी दुकान बंद करून तो येऊन उभा राहिला. बाबांचा चेहरा उतरला, तो मी पाहिला.

त्यानं सगळं नीट पाहिलं. मुरूम पाणी मारून धुम्मसानं ठोकला होता, त्याच्यावर तो खोली-खोलीतून फिरला. एका कोपऱ्यात दबतं आहे म्हणून मिस्त्रीला तिथं परत ठोकायला लावलं. माझा पाइपही त्यानंच ठरवला, मी नुसती हो म्हणाले. मग तो दाराच्या जागेतून रस्त्यावर उतरला आणि परत आत आला. गुडघ्याला हात न लावता. तिथंच थांबला. पुन्हा उतरला, पुन्हा आला.

“बाबा, हे माह्यासाठी खाली ठेवलं ना?”

बाबा पाइपाच्या तोंडात बोळा कोंबत होते, ते कोंबतच राहिले. सायकलवाले गेले होते, मिस्त्रीही शहाणा, तो पाणी प्यायला, आई बसली होती त्या प्लॉटकडेच्या लिंबाखाली गेला. भाऊ शांतपणे म्हणाला की रस्त्यावर दर वेळी डांबराचा नवा थर पडतो, काही वर्षांत रस्ता वर आणि आपण खाली असू, नालीचं पाणी देवघरापर्यंत येईल. बाबा म्हणाले, दारात वीतभर आडवी भिंत घालू, पाणी अडेल.

“अन् ते मी कशानं ओलांडू?”

मला बाबांचा भयंकर राग आला आणि त्याच वेळी रडूही आलं. दोन्हींपैकी काहीच करता येईना.

बाबा उठले. हाताला लागलेली माती धोतराला पुसत म्हणाले, “आमच्या माघारी तू एकटा चढशीन-उतरशीन. पडला तं कोण पाह्यल?”

“पडलो तं उठीन. आजवर उठलोच ना,” भाऊ म्हणाला. “लोकाइच्या घराले पायऱ्या राह्यतात. माह्याही घराले पाह्यजे. बुटक्या करा, बाजूनं धराले पाइप लावा. पण जोतं वर घ्या.”

बाबांनी मिस्त्रीला हाक मारली आणि उद्याचा कोबा थांबवून जोतं वर घ्यायला सांगितलं. का, ते सांगितलं नाही. मिस्त्रीनं विचारलंही नाही, फक्त पायऱ्या किती हे विचारलं. बाबा म्हणाले, दोन. भाऊ म्हणाला, चार. मिस्त्री व्यवहारी माणूस, त्यानं वाद घातला नाही. कोरड्या विटा रचून तिथल्या तिथं चार बुटक्या पायऱ्या उभ्या केल्या, म्हणाला, चढून पाहा, जमलं तर तसंच जोतं उचलतो.

भाऊ चढायला लागला. हात गुडघ्यावर, मग पाय, मग दुसरा पाय. आई लिंबाखालून उठून आली होती. बाबा त्याच्या पाठीमागे दोन्ही हात पसरून, लहान मूल पहिल्यांदा चालताना धरतात तसे, एकेक पाऊल सरकत होते. तिसऱ्या पायरीवर वीट हलली, तो डगमगला, बाबांचे हात झटकन पुढं आले. भावानं तोल सावरला आणि मागं न पाहता म्हणाला,

“हात खाली घ्या, बाबा.”

बाबांनी हात खाली घेतले. पण ते कुठं ठेवावेत हे त्यांना समजेना. भाऊ चौथ्या पायरीवर जाऊन उभा राहिला तरी ते तसेच खाली उभे होते, एक हात दुसऱ्या हातात घट्ट धरून.