मास्तरांना शिकायचंय

आमच्या ह्यांना सगळे मास्तर म्हणतात. शाळेतले मास्तर नव्हेत, ड्रायव्हिंग स्कूलचे. अर्ध्या गावाला ह्यांनी गाडी शिकवली. डॉक्टर, वकील, नवी नवरी, रिटायर झालेले आजोबा, सगळे ह्यांच्या शेजारी बसून घामाघूम झालेत. असा हा शहाणा माणूस, पण मागच्या महिन्यात ह्याला शेअर ट्रेडिंगच्या कोर्सचं वेड लागलं आणि माझ्या डोक्याला ताप झाला.

कोर्सची फी किती? जेवढ्यात एक बरी जुनी गाडी येते तेवढी. आता हेच माप मी का सांगतेय, तर आम्ही पैसे गाडीसाठीच साठवले होते. आमची शिकवायची गाडी अशा थराला आलीय की दुसरा गिअर टाकताना जो आवाज होतो तो ऐकून शिकणाराच माफी मागतो. मेकॅनिकने केव्हाच हात टेकले. गाडी बसली की स्कूल बसलं, आणि स्कूल बसलं की आम्ही दोघं काय खाणार ते देवालाच ठाऊक, कारण दुसरी मिळकत नाही. दुसरी गाडी बघून झाली होती, मालकाशी बोलणं झालं होतं. आणि ऐन वेळी मास्तर म्हणायला लागले, थांब जरा, घाई कशाला.

घाई म्हणे! वर्षभर पोटाला चिमटा काढून मी पैसे बाजूला टाकले, ते काय ह्यांच्या कोर्सवाल्याच्या स्विमिंग पूलसाठी?

हो, स्विमिंग पूल. तो कोर्सवाला फोनवर फुकटचा तास घ्यायचा, त्यात त्याच्या मागे निळं पाणी दिसायचं. हातात कॉफीचा मग, तोंडात "माझ्या मित्रांनो". मी एकदा बाजूला बसून ऐकलं. तासभर तो नोकरी कशी सोडली तेच सांगत होता. मग लाल-हिरव्या काड्यांचा आलेख आला. काड्या खाली घसरायला लागल्या की आमच्या मास्तरांचा उजवा पाय टेबलाखाली फरशीवर दाबला जायचा. सवयच आहे ती. शिकवायच्या गाडीत ह्यांच्या बाजूलाही एक ब्रेक असतो, शिकणारा गडबडला की हा दाबायचा. इतकी वर्षं दाबून दाबून आता खुर्चीत बसले तरी पाय दाबतातच. मी म्हटलं, अहो, तिथे तुमच्या बाजूला ब्रेक नाहीये, कळतंय का? त्यावर ते माझ्याकडे असे बघायला लागले जसं काही मीच इंडिकेटर न देता वळले.

वाद घालायची तर सोयच नव्हती. मी विचारलं, ह्या माणसाला एवढा पैसा मिळतोय तर हा शिकवत कशाला बसलाय? त्यावर म्हणतात, "का? मी शिकवतो म्हणजे मला गाडी येत नाही का?" घ्या! बोला आता. फीचं काढलं तर म्हणाले, आगाऊ पूर्ण फी घेतली की माणूस नीट शिकतो, मी नाही का घेत? म्हणजे ह्यांच्या डोळ्यांसमोर तो कोर्सवाला कोणी ठग नव्हताच, तो ह्यांच्याच धंद्यातला एक मास्तर होता. दुसऱ्या कोणी असली चूक केली नसती. जन्मभर शिकवण्यावर जगलेला माणूस, कोणी शिकवतो म्हटलं की ह्यांचा लगेच विश्वास.

बरं, घ्यायचा तर घ्या एकदाचा, तेही नाही. सकाळी ठरायचं घ्यायचा, संध्याकाळी ठरायचं नको. माझ्या भावाला विचारलं, तो बँकेत आहे, तो नको म्हणाला. मग म्हणे बँकवाले नकोच म्हणणार. सिग्नलला गाडी थांबली की शिकणाऱ्याला विचारायचे, तुम्ही शेअरमध्ये आहात का हो? दातांचे डॉक्टर बिचारे उत्तर द्यायच्या नादात चौकात गाडी बंद पाडून बसले, मागे भोंग्यांचा नुसता कल्लोळ. मी रोज तेच बोलत होते. गाडी घ्या. नवीन गाडी घ्या, शिकवायला लागा, डोकं ठिकाणावर येईल. रोज. बोलून बोलून माझं तोंड दुखायला लागलं, ह्यांनी मात्र तोंडात गुळणी धरलेली.

कोर्सवाल्यांची एक मुलगी रोज फोन करायची. गोड आवाज, दर वाक्याला "सर". तिच्याशी हे अर्धा अर्धा तास बोलायचे. परवा दुपारी तिचा फोन आला, सवलतीचा आज शेवटचा दिवस म्हणून. आमचं ऑफिस म्हणजे घराचीच पुढची खोली, मध्ये प्लायवूडची भिंत. मी मागे इस्त्री करत होते. ह्यांचा फोन नेहमी स्पीकरवर, त्यामुळे दोन्ही बाजू ऐकू येतात. चोरून ऐकायचं माझ्या मनात नव्हतं, पण कान काही बंद करता येत नाहीत.

हे म्हणत होते, "मॅडम, मला श्रीमंत नाही व्हायचं. मला घरी बसून करता येईल असं काहीतरी पाहिजे."

मग त्यांनी तिला सांगितलं, दीड-दोन महिने गुडघा दुखतोय. गेल्या आठवड्यात बेकरीवाल्या बाई गाडी चालवत होत्या. सरळ रस्ता, आणि गल्लीतून एक सायकलवरची पोरगी एकदम समोर आली. ह्यांनी ब्रेककडे पाय टाकला आणि गुडघा मध्येच आखडला. पाय पोचलाच नाही. ब्रेक मारला तो बाईंनी. पोरगी वाचली, तिला कळलंसुद्धा नाही. बाई मात्र भलत्याच खूश झाल्या. म्हणाल्या, सर, तुम्ही पायसुद्धा हलवला नाहीत, किती विश्वास टाकलात माझ्यावर. आणि मास्तरांनी बाईंचा तो समज तसाच राहू दिला.

पलीकडची मुलगी लगेच म्हणाली, "सर, मग तर हा कोर्स तुमच्यासाठी फारच गरजेचा आहे. पेमेंटची लिंक पाठवू का?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इस्त्री तशीच उभी करून मी बाहेर गेले, ह्यांच्या हातातून फोन घेतला आणि तिला सांगितलं की कोर्स नको, पुन्हा फोन करू नका. ती म्हणाली सवलत आजच संपतेय. म्हटलं, संपू दे बाई.

पण खरं सांगू, राग तिचा नव्हता आला. ती पगारासाठी बोलत होती. राग ह्याचा आला की पोटातलं एवढं मोठं भय ह्यांनी सांगितलं ते कुठल्या तरी अनोळखी पोरीला. घरात मी असताना.

"मला का नाही सांगितलंत?"

हे बोटातली अंगठी फिरवायला लागले. मग म्हणाले, "तुला सांगितलं असतं तर तू मला गाडीत बसू दिलं नसतंस."

"मुळीच नसतं बसू दिलं."

"मग खायचं काय?"

महिनाभर मी नवीन गाडी, नवीन गाडी म्हणून ह्यांच्या मागे लागले होते, आणि त्या नवीन गाडीतही बसणार होता तो हाच गुडघा. मला रडू आलं, आणि रडू आलं की मी जास्तच ओरडते, तशी ओरडले. हे पैसे ना गाडीला जाणार ना कोर्सला, आधी गुडघ्याला जाणार, उद्या सकाळी डॉक्टर. आणि तोवर तास बंद. ते म्हणाले, दातवाल्या डॉक्टरांची लायसन्सची परीक्षा आलीय. म्हटलं, येऊ दे.

तिथेच बसून मी एकेकाला फोन लावायला लागले. सगळ्यांना तेच सांगितलं, गाडी बिघडलीय, काही दिवस तास नाहीत, फी परत मिळेल. आमच्या गाडीचा आवाज ऐकलेले लोक ते, कोणालाच नवल वाटलं नाही. मास्तर समोर मान खाली घालून ऐकत होते. बेकरीवाल्या बाईंना फोन लागला आणि मी "गाडी बिघडलीय" म्हणणार, तेवढ्यात ह्यांनी हात पुढे केला आणि फोन घेतला.

"बाई, गाडी ठीक आहे," ते म्हणाले. "त्या दिवशी मी विश्वासबिश्वास काही टाकला नव्हता. माझा पाय ब्रेकपर्यंत पोचला नाही."

पलीकडे बेकरीत कोणीतरी पत्र्याचे ट्रे रचत होतं, तेवढं ऐकू येत होतं.

मग बाईंनी अगदी हळू विचारलं, "म्हणजे तेव्हा गाडीत मी एकटीच होते?"

"हो," मास्तर म्हणाले. "एकट्याच होतात."