पहिली चाल लोकांची

स्नेहल घरतला लोक ओळखत ते बुद्धिबळामुळे. खारघरच्या टॉवरांना खेटून असलेल्या बेलखार गावठाणातली ही आगरी घरातली पोर राज्याची विजेती झाली, तेव्हा गावानं तिला उघड्या जीपमधून मिरवलं होतं. पुढे तिनं स्टेशनजवळ गाळा भाड्यानं घेऊन क्लास काढला. लग्न केलं नाही. आई भागीरथी आणि ती, दोघींचं घर. राजकारणाचा तिला मनस्वी कंटाळा. टीव्हीवर बातम्या लागल्या की ती उठून भांडी घासायला जायची.

मग गावाचं तळं बुजू लागलं.

दुपारी गाव जेवून आडवं झालं की डंपर येत, राडारोडा ओतून निघून जात. पाणी एका काठानं मागे सरकत होतं आणि कुणी चकार शब्द काढत नव्हतं. बायका तिथून जाताना तोंड फिरवून चालत, जणू काठावर प्रेत ठेवलंय. न राहवून स्नेहल महापालिकेत गेली. तिथल्या साहेबांनी नकाशा पाहिला आणि ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, तिथं तळं नाहीच आहे."

ती परत आली, चपला काढून पाण्यात उतरली. पोटऱ्यांपर्यंत गार पाणी लागलं, तरी तिला क्षणभर शंका आली.

त्याच आठवड्यात तिनं विरोधी पक्षात नाव नोंदवलं. वॉर्डात त्या पक्षाचा कार्यकर्ता म्हणजे एकटा निखिल. कित्येक वर्षं रखडलेली महापालिकेची निवडणूक अखेर लागली आणि उमेदवार म्हणून स्नेहलच उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी किसनशेठ घरी आले. सत्तेतले जुने नगरसेवक. तळं कुणाच्या शब्दावर बुजतंय हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. त्यांनी चहा घेतला, भागीरथीच्या गुडघ्यांची चौकशी केली. मग स्नेहलकडे वळून म्हणाले, "बाय, तू आमची शान हायेस. टेन्शन नको घेव. तुला कोन काय करनार नाय."

हे त्यांनी इतक्या मायेनं म्हटलं की तिच्या अंगावर काटा आला.

आणि खरंच, कुणी काही केलं नाही. क्लासला मुलं यायची बंद झाली, एवढंच. तिनं मुलांच्या आयांना फोन केले. "सध्या जरा बिझी आहोत, मॅडम," पहिली म्हणाली. दुसरीही तेच म्हणाली, त्याच शब्दांत, तशीच मध्ये थांबून. किराणावाला सामान द्यायचा, पण नजर तिच्या डोक्यावरून पलीकडे. शाळेच्या व्हरांड्यातला तिचा करंडकासह फोटो गेला. भिंतीवर फिकट चौकोन आणि खिळा उरला. वॉचमन म्हणाला, "इथे फोटो नव्हताच कधी, ताई." खोटं बोलणाऱ्याचा चेहरा नव्हता त्याचा.

टॉवरमध्ये प्रचाराला गेली तर बेल वाजताच आतला टीव्ही गप्प व्हायचा. दाराच्या भिंगातला उजेड काळा पडायचा, म्हणजे पलीकडे कुणीतरी डोळा लावून उभं आहे. दार उघडायचं नाही. मजल्यामागून मजले असंच.

"ताई, भाषण ऐकायला कोणी येत नाय," निखिल म्हणाला, "खेळायला तरी येतील."

म्हणून रविवारी संध्याकाळी गावदेवीच्या देवळासमोर त्यांनी टेबलं मांडली, त्यांवर पट लावले. पांढऱ्या सोंगट्या लोकांकडे, म्हणजे पहिली चाल लोकांची. सगळ्यांशी स्नेहल एकटी खेळणार. ऊन उतरलं. खुर्च्या रिकाम्याच. भोवतीच्या घरांच्या खिडक्या अर्धवट मिटलेल्या, आणि कुठूनही आवाज नाही. कुकरची शिट्टीसुद्धा नाही.

कंटाळून दोघं देवळामागच्या टपरीवर चहाला गेली. परत आली तेव्हा प्रत्येक पटावर पांढऱ्यानं एकेक चाल केलेली होती.

निखिलचा चेहरा उतरला. "वारा असेल, ताई."

"वारा घोडा अडीच घरं नाही चालवत."

चौकात चिटपाखरू नव्हतं. स्नेहलनं एकेका टेबलापाशी जाऊन उत्तराची चाल केली आणि पुन्हा देवळामागे गेली. आल्यावर पुढच्या चाली तयार. पावलं ऐकू आली नाहीत, खुर्ची सरकली नाही. एका उंटाला हळदीचं बोट लागलं होतं. एका पटाला सुकटीचा वास येत होता. कुणी भीतभीत प्यादी सरकवत होतं, कुणी वजीर थेट तिच्या घरात घुसवला होता. निखिल कोपऱ्यावरून डोकावायला निघाला तसा तिनं त्याचा हात धरला.

"बघितलंस तर परत यायची नाहीत."

"कोण, ताई?"

देवळातली समई लागेपर्यंत ती तशीच ये-जा करत खेळली. मानेवर नजरा टोचत होत्या, एवढं मात्र कळत होतं.

मतमोजणीच्या दुपारी ती निवडून आली. किसनशेठ शांतपणे गाडीत बसून गेले. गुलाल उधळायला निखिल एकटाच. आभार मानायला ती घरोघर फिरली, तेव्हा प्रत्येक उंबऱ्यावर एकच उत्तर: "आमी नाय दिलं हां तुला." कुणी हसलं नाही, डोळा मिचकावला नाही.

पहिल्याच महासभेत तिनं तळ्याचा प्रश्न लावून धरला. सत्ताधाऱ्यांनी गोंधळ घातला, पण नकाशावाल्या त्याच साहेबांना उठून 'बेलखारचं तळं' हे शब्द उच्चारावे लागले आणि डंपर थांबले. बुजलेला भाग बुजलेलाच राहिला. क्लासला मुलं मात्र परतली नाहीत. गाळा सोडावा लागला.

एकदा जेवताना ती सहज म्हणाली, "आये, गावान एक तरी मत माझं खात्रीचं. तुझं."

भागीरथीनं तिच्या पानात भात वाढला, वर कालवण घातलं. मान वर केली नाही.

"मी पन नाय दिलं, बाय," ती म्हणाली. "जेव."