गाइडमधली कादंबरी

भाचीचं बारावीचं वर्ष, म्हणून ताईच्या घरी टीव्हीवर चादर पडली आहे आणि आम्ही सगळे कुजबुजत बोलतो. काल पाहिलं, तर भाची फिजिक्सच्या गाइडमध्ये कादंबरी लपवून वाचत होती. उजाड झालेल्या जगातलं एक बंदिस्त शहर, आणि पहारेकऱ्यांना चुकवून त्याच्या भिंतीवर चढणारी तिच्याच वयाची मुलगी.

"तू चढली असतीस?" मी हळूच विचारलं.

"मावशी, तिला निदान भिंत दिसते तरी."

पहारेकऱ्यांशी धीटपणे लढता येतं. जिवापाड काळजी करणाऱ्यांशी कसं लढायचं?

तेवढ्यात ताई सोललेले बदाम घेऊन आली. लेकीच्या केसांवरून तिनं मायेनं हात फिरवला. भाचीनं गाइड मिटलं आणि निमूटपणे हात पुढे केला.