आमच्याकडे लाईट जात नाही

इन्व्हर्टर विकणाऱ्या माणसानं भिलाईत जन्म घेऊ नये. मी घेतला, आणि तोही थेट सेक्टरमधल्या स्टील प्लांटच्या क्वार्टरात, जिथं लाईट जाणं ही दुसऱ्यांच्या घरी होणारी गोष्ट होती. नागपूरकडून कोणी पाहुणा आला आणि त्यानं तिकडच्या लोडशेडिंगचं रडगाणं लावलं, की माझे बाबा पंख्याकडे बघत शांतपणे म्हणायचे, “आमच्याकडे लाईट जात नाही.” बाबा प्लांटमध्ये क्लार्क होते. पण हे वाक्य ते अशा थाटात म्हणत, की वीज तेच तयार करतात असं पाहुण्याला वाटावं.

आणि मला नोकरी मिळाली ती दुर्गजवळच्या रसमड्याच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात, सेल्सला. कारखाना लहानच. बल्ब, स्टॅबिलायझर आणि इन्व्हर्टर एवढाच माल. दर मार्चमध्ये मालक आम्हाला समोसे खाऊ घालत आणि मग कोणत्या मालाचं काय झालं ते विचारत. समोसा घशात असतानाच प्रश्न येई, ही त्यांची पद्धत. त्या वर्षी एलईडी बल्ब जोरात होते, त्यामुळे बल्बवाला सहकारी चटणी मागून मागून घेत होता. स्टॅबिलायझर उतरणीला लागला होता, कारण नव्या फ्रिजला तो लागतच नाही. पण एसीवाल्यांनी त्याला कसंबसं सावरून धरलं होतं. इन्व्हर्टर माझ्याकडे. खेड्यांकडे थोडा, रायपूरकडे थोडा आणि घरच्या भिलाई-दुर्गात जवळजवळ शून्य.

“परफॉर्मन्स तो देख लिया, मॅडम,” मालक म्हणाले, “अब आउटलुक बताइए, आगे क्या होगा.”

माझ्याकडे आउटलुक नव्हता, नुसता समोसा होता. मालकांनी पावसाळ्यापर्यंत मुदत दिली. तोवर विक्री हलली नाही तर इन्व्हर्टरची लाइन बंद आणि त्या जागेवर बल्ब.

ही बातमी माझ्या आधी शेडमध्ये पोचली. इन्व्हर्टरच्या ट्रान्सफॉर्मरवर तांब्याची तार गुंडाळायला आमच्याकडे बाया होत्या. बल्बाला तार गुंडाळावी लागत नाही, तेव्हा लाइन गेली की त्यांचं कामही गेलं. माझंही गेलंच असतं, पण मला तरी इंग्रजीत अर्ज करता येतो. त्यांच्यातल्या सगळ्यात जुन्या बाईनं हातातलं काम न थांबवता विचारलं, “दीदी, हमर लाइन बंद हो जाही का?” मी ठामपणे नाही म्हणाले. कशाच्या जोरावर म्हणाले, देव जाणे. मग स्वतःचाच राग आला आणि तो काढायला मी दुर्गला गेले, आमच्या सगळ्यात जुन्या दुकानदाराकडे.

“सेक्टरवाला आमचा माल का घेत नाही?” मी विचारलं.

“सेक्टरवाला कभी नहीं लेता,” तो म्हणाला. “रिटायर होके क्वार्टर छोडता है, टाउनशिप के बाहर कोहका में जाता है, तब लेता है. पहली बार पंखा बंद होता है ना मॅडम, आदमी घबरा जाता है.”

मी तिथंच स्टुलावर बसले. ज्यांची लाईट रोज जाते त्यांच्या मागे मी वर्षानुवर्षं धावत होते, आणि त्यांना तर अंधाराची सवय होती. खरं गिऱ्हाईक म्हणजे ज्याची लाईट कधी गेलीच नाही तो. शिवाय प्लांटमधला माणूस कधी रिटायर होणार हे तो नोकरीला लागतो त्याच दिवशी ठरलेलं असतं. एवढा स्वच्छ आउटलुक बल्बवाल्याच्या बापालाही मिळाला नसता.

पुढचं मला सोपं वाटलं. बाबांच्या डिपार्टमेंटमध्ये कोणी रिटायर झालं की वर्गणी निघे, ती बाबा गोळा करत आणि भेटवस्तूही तेच निवडत. शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ. ज्याला आता कुठंच वेळेवर पोचायचं नाही, त्याला घड्याळ.

“बाबा, घड्याळाऐवजी इन्व्हर्टर द्या ना,” मी जेवताना म्हणाले.

“कावून?”

“कामाला येईल. क्वार्टर सोडलं की लागतोच.”

बाबांचा घास हातात राहिला. “तू काय बोलून राहिली, तुले समजते का? ज्या माणसानं सारा जन्म प्लांटात काढला, त्याले निरोपाच्या दिवशी सांगायचं का, का बापा, आता तुह्या घरी लाईट जाईन?”

मी चिडले. लाइन बंद होतेय, बायांचं काम जातंय, माझीही नोकरी जातेय, सगळं एका दमात सांगून टाकलं. बाबा हात धुऊन अंगणातल्या कोथिंबिरीला पाणी घालायला गेले. आई हळूच म्हणाली, “त्याहिले कायले छेडते? मले इथले परदे बी काढू देऊन नाही राहिले.” तेव्हा माझी ट्यूब पेटली. एप्रिलअखेर बाबा स्वतःच रिटायर होणार होते. कोहक्याचं घर रंग देऊन तयार होतं, आणि बाबा अजून त्याला ‘तिकडचं घर’ म्हणत होते.

एप्रिलच्या शेवटच्या दिवशी आई आणि मी निरोपसमारंभाला गेलो. भाषणं झाली, शाल झाली, श्रीफळ झालं. मग बाबांच्या दोन सहकाऱ्यांनी मिळून एक जड खोकं आणलं आणि टेबलावर ठेवलं. ते खोकं मी झोपेतही ओळखलं असतं. आमचंच होतं. शेजारी बसलेल्या बाईंनी सांगितलं, तुझ्या बाबांनी स्वतः मागून घेतलंय. शेजाऱ्याकडे साखर मागायलाही लाजणारे माझे बाबा.

मग ते बोलायला उभे राहिले. लोक जुन्या आठवणींची वाट बघत होते. बाबांनी चष्मा लावला आणि यावर किती पंखे चालतात, बॅटरीत पाणी कधी घालायचं, वॉरंटी किती, हे सगळं हिंदीतून सविस्तर सांगितलं. “लाइट अब मेरे घर भी जाएगी,” शेवटी ते म्हणाले. “आप लोग भी एक दिन उधर ही आओगे. पंखा चलता रहना चाहिए.” लोक हसले, टाळ्याही वाजल्या. मी मात्र सरळ रडले, पदर नव्हता म्हणून ओढणीत.

त्यानंतर आणखी काही डिपार्टमेंटांनी घड्याळ सोडलं. पावसाळा आला तेव्हा माझ्याकडे मालकांना सांगण्यासारखं काहीतरी होतं. ते म्हणाले, “चलिए, एक साल और.” त्या दिवशी शेडमध्ये समोसे मी नेले.

पण त्याच्या आधीची, मे महिन्यातली एक दुपार माझ्या जास्त लक्षात आहे. कोहक्याच्या घरी इन्व्हर्टर बसवून झाला होता आणि लाईट काही केल्या जात नव्हती. बाबा बेचैन. “हे कसं गाव आहे?” म्हणून कुरकुरत होते. मी सुट्टी म्हणून जेवायला गेले होते, आणि आम्ही पानावर असतानाच शेजारचा कूलर घरघरत बंद पडला. आमचा पंखा जरासा अडखळला आणि फिरत राहिला. बाबा उष्ट्या हातानं फाटकापर्यंत गेले, साऱ्या गल्लीची लाईट गेल्याची खात्री करून आले आणि डाव्या हातानं फोन लावला. पलीकडे त्यांचे प्लांटमधले, मूळचे अमरावतीकडचे जुने सोबती होते, पुढच्या महिन्यात रिटायर होणारे.

“हो ना, गेली,” बाबा पंख्याकडे बघत म्हणाले, अगदी पाहुण्यांशी बोलायचे त्या जुन्या थाटात. “आमच्याकडे लाईट जाते.” मग त्यांनी फोन उंच करून पंख्याखाली धरला.