मांडीखालचे हात

अमरावतीत मेंदूच्या डॉक्टरांकडे आईचा नंबर लागायची वाट पाहत बसलो होतो. शेजारी शेंदूरजनाघाटचे एक गृहस्थ होते, संत्र्याच्या रोपांची नर्सरी असलेले. सोबत त्यांची तरणी मुलगी. नाव मी विचारलं नाही. गृहस्थांचे हात आपोआप वळवळत. ते मांडीखाली दाबून ठेवले की खांदा उडायचा. याच हातांनी त्यांनी जन्मभर जंबेरीच्या, म्हणजे आंबट रानलिंबाच्या, रोपांवर संत्र्याच्या कलमाचे डोळे बांधले होते. आता बांधणी मुलगी करते.

"बापाले होतं, मंग मले आलं," ते म्हणाले.

बिघडलेलं जनुकच गप्प करायचे प्रयोग परदेशात चाललेत, असं मी पेपरात वाचलेलं शहाण्यासारखं सांगितलं.

"डॉक्टरबी तेच म्हनून राहिले. पन आपल्याकडं कवा येईन, त्यायलेबी मालूम नाही." मग आवाज खाली आणून म्हणाले, "जंबेरीवर डोळा बांधला का फळ गोड येते, भाऊ. मूळ मात्र आंबटच रायते. मले आता मुळाची दवाई पाह्यजे. माह्यासाठी नाही, हिच्यासाठी. तपासून घे म्हनलं, तर आयकतच नाही."

मुलगी मान खाली घालून संत्रं सोलत होती. तिनं एक फोड वडिलांना भरवली. दुसरी देताना तिचा हात एकदम उडाला आणि फोड फरशीवर पडली. ती आपल्या बोटांकडे बघत राहिली.

"माह्याच हाताचा धक्का लागला," ते घाईघाईनं म्हणाले.

त्यांचे दोन्ही हात मांडीखालीच होते.