ताईच्या सायकलचे ब्रेक
नव्या रबराचा वास आला की अजून माझे हात जड होतात. मध्यभारत नावाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट आहे. ताई शाळेत शिकवायला सायकलने जायची आणि बाबांना ते मुळीच पसंत नव्हतं. जुन्या रिमा गंजल्या म्हणून मी दोन्ही चाकांना रुंद रिमा बसवल्या, तर ब्रेकचे नवे रबर घासायला लागले. मी ते बाहेर सरकवले, चाकं मोकळी फिरली, आणि ब्रेक दाबून न बघताच हात पुसले. "लागतात ना रे, की भगवान भरोसे?" ताईने हसत विचारलं. "एकदम बढिया. जा तू," मी म्हणालो. राजवाड्याजवळच्या उतारावर ती टांग्यावर आदळली, गुडघा मोडला. सायकल घरी आणून मी ब्रेक दाबला. रबर रिमला टेकतच नव्हते. "बाईच्या हातात सायकल दिली की हेच होणार," बाबा म्हणाले. "माझाच हात घाबरला असेल," ताई म्हणाली. मी पाणी आणायला उठलो. पुढे तिची नोकरी सुटली. परवा ती माझ्या मुलीला सांगत होती, "मला सायकल कधी जमलीच नाही गं." मी पेपर वाचत राहिलो. तिला ती उत्तम जमत होती. एवढं सांगायला मला इतकी वर्षं लागली, आणि तेही कागदावर.