आधी गड्यांचं जेवण

दीड महिन्यापूर्वी रामभाऊ आमच्या कंपनीच्या गेटवर सायकल टेकवून उभे होते. "सायेब, आण्णा गेलं," म्हणाले, आणि धोतराच्या सोग्याने डोळे पुसता पुसताच पुढे, "अर्ज लिवाया लागंल. न्हाईतर हाटेल पाडत्यात." मला रडूही आलं आणि हसूही. दत्तोबाअण्णांच्या जाण्यालासुद्धा माझ्या हातचा अर्ज लागणार होता!

गेली दहा वर्षं मी अण्णांचा बिनपगारी कारकून. भोसरीला नाशिक रस्त्यावर त्यांच्या वडिलांनी, चाकणहून कांदा घेऊन येणाऱ्या गाडीवानांसाठी काढलेलं ते हॉटेल. चार बाकं, एक चूल, आणि आमटी अशी की पहिल्या भुरक्याला कपाळाला घाम फुटावा. भोवती कारखाने उठले, रस्ता रुंद करायचं ठरलं आणि हॉटेल नेमकं आखणीत आलं. तेव्हा नगरपालिकेने एक ठराव केला : जुनं उपाहारगृह जागेवर ठेवू, जकातीतही सवलत देऊ, पण कारखान्यांत जमिनी गेलेल्या आठ गावकऱ्यांना तिथे कायमचं काम मिळालं पाहिजे. अण्णांनी त्याच संध्याकाळी आठ जण उभे केले. चार बाकांच्या हॉटेलात आठ वाढपी! रामभाऊ त्यांतलेच. सगळे पन्नाशीचे, जन्मभर नांगर धरलेले. गिऱ्हाइकाने चहा मागितला तर "आदी जेवा की" म्हणून दटावणारे. त्यात अण्णांचा शेतावरचा नियम : दुपारी आधी गड्यांचं जेवण, मग गिऱ्हाइकांचं. गडी बाकांवर बसत, मालक स्वतः वाढत, आणि आम्ही कंपनीवाले बाहेर उन्हात ताटकळत. पोटात कावळे ओरडायचे, आम्ही चिडायचो, पण दुसरीकडे कधी गेलो नाही...

नगरपालिकेचा तपासनीस आला तोही नेमका त्याच वेळी. आठ जण भुरके मारतायत, एक जण वाढतोय. त्याने वहीत लिहिलं, 'गिऱ्हाइके आठ, नोकर एक, मालक गैरहजर.' मी रांग सोडून आत धावलो. "साहेब, जेवतायत ते कामगार. वाढतायत ते मालक."

"मग कामगार कामावर का नाहीत?"

"उपाशी गडी कामाला लावत न्हाई आमी," अण्णा म्हणाले. "तुमी बसा. त्यांचं काम बगायचंय न्हवं?"

हात धुऊन आठही जण एकट्या तपासनिसाला वाढायला लागले. त्याने ताटावर हात आडवे धरले, तर भाकरी हातांवर पडली. हॉटेल जुनं असल्याचा पुरावा त्याने दुसऱ्या वाटीनंतर मागितला; अण्णांनी आढ्याची काजळी दाखवली. चौथ्या वाटीनंतर त्याने आधीची ओळ खोडली आणि 'कामगार आठ, अतिशय तत्पर' असं लिहिलं. त्याला बाकावरून उठवायला दोघे लागले. हॉटेल वाचलं.

अण्णांना मूलबाळ नव्हतं. जाण्यापूर्वी हॉटेल त्यांनी त्या आठांच्या नावे करून ठेवलं, आणि तिथेच घोटाळा झाला. आठही जण मालक झाले, मग ठरावातले आठ कामगार आणायचे कुठून? मी अर्जात लिहिलं की मालक तेच, कामगारही तेच. महिनाभर माझी धाकधूक चालली होती. मागच्या आठवड्यात मंजुरी आली. अण्णा असते तर त्यांनी मला आधी जेवायला बसवलं असतं आणि मग कागद वाचायला सांगितला असता. तो कागद रिकाम्या पोटी वाचताना मला त्यांची फार आठवण आली.

सोमवारी हॉटेल उघडलं. दुपारी मी मुद्दाम गेलो. बाहेर नेहमीची रांग होती. आत चारही बाकं रिकामी, आठ ताटं मांडलेली, आणि आठही जण पळी, भाकरीची टोपली, मिठाची वाटी, जे मिळेल ते हातात घेऊन भिंतीशी उभे.

"बसा की जेवायला," मी म्हणालो.

आमटी निवत चालली होती.

"कसं बसावं, सायेब?" रामभाऊ म्हणाले. "आता आमी मालक न्हवं का..."